तोफेच्या मागची माणसं

देवळाली कॅम्प, नाशिक
११ मार्च १९८५

कोंडाजी, माझ्या भावा, अक्काचा सलाम घे.

आधीची पत्रं तुला पोचली नसतील असं मी धरून चालते. पोचूनही तू उत्तर देत नाहीस असं धरलं तर अन्न गोड लागत नाही.

मी सुखरूप आले. पाय बरा आहे. देवळाली स्टेशनावर भागीबाई अख्खी चाळ घेऊन उभी होती, बँड तेवढा राहिला होता. पाळकसाहेब रंगनाथराव हार घेऊन आले. म्हणाले, "विमलाबाई, तुम्ही मंडळीचं नाव परदेशात काढलंत." मी म्हटलं, "नाव काढलं खरं, पण बरंच काही तिकडंच राहिलं." ते हसले. त्यांना वाटलं, सामान हरवलं.

याच फलाटावरून आपण निघालो होतो, आठवतं? बोर्डिंगच्या चुलीपुढं जन्म काढलेली बाई आणि लष्कराच्या लंगरातून निवृत्त झालेला तिचा भाऊ; कंबोडियातून पळून थायलंडच्या हद्दीवर पडलेल्या लोकांना जेवू घालायला यांच्याहून बरं कोण, असं रंगनाथरावांनी उपासनेत सांगितलं होतं. तू माझ्या कानाशी लागून म्हणालास, "अक्का, फुकटात विमान." मी तुला भर देवळात चिमटा काढला होता.

इथं सगळं तसंच आहे. तोफखान्याच्या रेंजवर तोफ सकाळी सुरू होते. मांडणीवरची ताटं वाजतात. तू असतास तर भाकरी थापता थापता म्हणाला असतास, "ही मोठी. हिला परत भरायला वेळ लागतो, बघ आता." चाळीतली पोरं तुझ्याशी पैज लावायची आणि हरायची. हल्ली आवाज झाला की मी चुलीचा कट्टा धरून बसते. भागीबाई म्हणते, "काय गं, नवीन आलीस का या गावात?"

माझी चाळीत ऊठबस कमी आहे. भागीबाई पाणी भरते. मी तिला माझी डावी चप्पल देऊन टाकली. ती म्हणाली, एकीचं मी काय करू, तर म्हटलं, ठेव, मला तरी काय करायचीय.

आता मुद्द्याचं. छावणीतल्या आपल्या मालेगावच्या खुर्शीदा नर्सचं पत्र आलं. पोरगी लिहिते मोत्यासारखं, पण मोत्यांतून विष पाठवते. लिहिते, "मावशी, कोंडाजीमामा स्वैपाकघर सोडून मेलेल्यांना पुरणाऱ्या माणसांत गेले. जंगलाच्या कडेला न फुटलेले गोळे पडलेत, ते हातानं उचलून बाजूला ठेवतात. मी ओरडले तर म्हणतात, आमच्या देवळालीकडं लोक भंगारासाठी उचलतात, त्यात काय."

त्यात काय? खालच्या वाडीतला तो भंगारवाला विसरलास? त्याच्या बायकोनं त्याला पाटीत भरून आणला होता. पाटीवर लुगडं टाकलं होतं तरी खालून गळत होतं. त्या पाटीला दुसऱ्या बाजूनं हात तूच लावला होतास, आणि नंतर आठ-पंधरा दिवस तू मटणाला शिवला नव्हतास.

परत ये. आपल्याला तिकडं धाडणारी संस्था तिकीट देते. लाजायचं तर इथं येऊन लाज.

तुझी अक्का


देवळाली कॅम्प
१८ एप्रिल १९८५

कोंडाजी,

हसायचं असेल तर आधी हे वाच.

गेल्या गुरुवारी महिलांची सभा होती. रंगनाथरावांच्या बायकोनं प्रार्थना धरली. मी भागीबाईशेजारी बाकावर. इतक्यात रेंजवर तोफ उडाली. काचा थरथरल्या. एकीनंही डोळे उघडले नाहीत. आपल्या बायका त्या आवाजात बाळंत होतात, डोळे काय उघडतील.

आणि मी भागीबाईची मान धरून तिला खाली आपटली. तिच्या अंगावर पडले आणि ओरडायला लागले. काय ओरडत होते ते तिथं कुणाला कळलं नाही, कारण मराठी नव्हतं. "रुअत! रुअत!" म्हणत होते. छावणीतली पोर सोफाल आपल्याला शिकवायची तो शब्द. पळा.

भागीबाईचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आदळलं होतं. रक्त तिच्या डोळ्यांत, माझ्या पदरावर, भजनांच्या पुस्तकावर. ते रक्त बघून मला वाटलं, झालं, पडला गोळा इथंही. मी तिला ओढत बाकाखाली नेत होते आणि ती बिचारी मला गुद्दे घालत होती. चार बायकांनी मला ओढून काढली. एकीचा हात मी चावले. रंगनाथरावांच्या बायकोचाच होता.

दुसऱ्या दिवशी भागीबाई कपाळाला पट्टी बांधून पिठलं घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "विमले, तू तिकडंच मेलीस. ही कोण भुताटकी आलीय तिला म्हणावं, गिळून घे गरम गरम." मग माझ्याजवळ बसून रडली. मला वाटलं कपाळ दुखतंय म्हणून. ती म्हणाली, "तिथं काय झालं ते सांगत का नाहीस गं?"

मी सांगितलं नाही. मी लोकांना नारळाचं सांगते. बांबूच्या घरांचं सांगते. तांदूळ फक्त बायकांच्याच हातात द्यायचा नियम होता, हेही सांगते, कारण पुरुषांना दिला की तो बंदूकवाल्यांच्या भांड्यात जायचा. लोकांना ते आवडतं. पण बंदूकवाले मग त्या बायकांकडूनच काढून घ्यायचे, हे मी सांगत नाही. त्या एकीनं टोपली सोडली नाही तेव्हा तिला कमरेच्या पट्ट्यानं झोडपली, बक्कल तिच्या गालात रुतलं, सगळी रांग खाली बघत बसली. तू मधे गेलास. बंदुकीचा दस्ता तुझ्या तोंडावर बसला. तू दात थुंकलास, धोतरानं तोंड पुसलंस आणि परत माप हातात घेतलंस. "पुढची या," म्हणालास मराठीत, आणि पुढची आली.

हे यासाठी लिहिते की तू भित्रा नाहीस हे मला ठाऊक आहे. तू तिथं धाडसानं राहिलायस असं खुर्शीदा समजते. मी तुला लहानपणापासून बघतेय. तू लपून बसलायस.

माझी अक्षरओळख भजनांच्या पुस्तकावर झाली. त्याच पुस्तकावर आता रक्ताचा डाग आहे. पुसला, पण जात नाही.

अक्का

ता. क. पायाचं विचारशील तर बरा आहे.


देवळाली कॅम्प
२ जुलै १९८५

कोंडाजी,

खुर्शीदाचं दुसरं पत्र पुढ्यात आहे. वाचून मी काठी भिंतीवर फेकली. भिंतीचा पोपडा गेला.

ती लिहिते, छावणी आता सरहद्दीपासून आत हलवली आहे. तोफा लांब गेल्या. पण पाऊस सुरू झाला, ढग गडगडले, आणि तू तांदळाच्या रांगेत घुसलास. "रुअत, रुअत" म्हणत बायकांना केसांना धरून ओढलंस, चरात ढकललंस. दोघीचौघी चिखलात एकमेकींवर पडल्या. एका म्हातारीचा हात कोपरात मोडला, हाड बाहेर आलं. ती किंचाळली तशी त्यांची माणसं बांबू घेऊन धावली आणि तुला चेचलं. तुझ्या बरगड्या मोडल्या, एक डोळा मिटला, आणि तरी तू चराच्या काठावर बसून म्हणत होतास, "आता बरं. आता सगळ्या खाली आहेत."

लिहिते की हे रोजचं झालंय. पत्र्यावर काठी पडली तरी तू रांग उधळतोस. तांदूळ वाटून होत नाही, लोक उपाशी राहतात. संस्था म्हणते, या माणसाला घरी धाडा.

तर आता ऐक. तू बोलत नाहीस, मी बोलते. मीही इतके महिने तोंड दाबून बसले होते.

तो दिवस. बायका जमिनीवर रांगेनं बसलेल्या, मांडीवर टोपल्या. तू माप घेऊन. मी पोत्यापाशी. आठवडाभर लांबून आवाज येत होते, आणि आवाज झाला की बायका उठायच्या. तू काय करायचास? दोन्ही तळवे खाली दाबून म्हणायचास, "बसा गं, बसा, लांब आहे." गाल फुगवून "धडाम" करायचास, मग काखेत खाजवून दाखवायचास. त्या हसायच्या. बसायच्या. रोज तू म्हणायचास तसंच व्हायचं, काही यायचं नाही. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला यात त्यांची काय चूक?

त्या सकाळी आवाज झाला. सोफाल सगळ्यांत आधी उठली. तुला ती आजोबा म्हणायची, तू तिला तांदळाची भाकरी थापायला शिकवलीस, तिच्या भाकरीला कड यायची नाही म्हणून चिडवायचास. ती उठली, टोपली पोटाशी धरून. तू तिच्या खांद्यांना धरून तिला खाली बसवलंस. वर एक ओंजळ जास्त घातलीस तिच्या टोपलीत. मग माझ्याकडं वळून म्हणालास, "अक्का, तू पण बस. कंबर दुखेल उभी राहून. ही जुनी तोफ आहे, हिचा नेम आपल्याकडं नाही."

मी मोठी. तुझं ऐकायची मला सवय नाही. आपल्यात मुंज नसते, नाहीतर तुझी ती पण मीच लावली असती. पण तुझे कान खरे, हे सगळ्या देवळालीला माहीत. मी बसले.

कोंडाजी, मी पलंगावर पडून पडून एक गोष्ट उलगडली, ती तुला सांगते. देवळालीला तोफ वाजते, मग काही होत नाही. आवाज आपल्या वाट्याला येतो, गोळा डोंगराच्या वाट्याला जातो. आपल्या आजानं तेच ऐकलं, बापानं तेच ऐकलं, तू लंगरात डाळ ढवळताना तेच ऐकलंस. आपण जन्मभर तोफेच्या मागं राहिलेली माणसं. तिचं तोंड कसं दिसतं ते आपल्या चाळीत कुणाला ठाऊक नाही. त्या बायकांना ठाऊक होतं. त्या सगळ्या तिच्या तोंडासमोरून पळून आलेल्या होत्या. त्यांना काही समजत नाही आणि आपल्याला समजतं, असं आपण धरलं.

पुढचं लिहिते.

रांग होती तिथं रांग नव्हती. माती वर गेली आणि माणसांसकट खाली आली. मला आवाज आठवत नाही, एकदम बहिरी झाले होते. तांदूळ लाल झाला असं पुस्तकात लिहितात, तसं नाही म्हणत मी. तो खरंच लाल झाला, चिकटला, पायाखाली भातासारखा दबत होता. एक बाई आपली आतडी ओंजळीत धरून बसली होती आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारत होती. सोफालची टोपली माझ्यासमोर पडलेली. टोपलीत तिचा हात होता. हात टोपलीत होता, ती तिथं नव्हती. त्या अर्धवट उघड्या मुठीत तू घातलेले तांदूळ अजून होते.

तू धुरातून चालत आलास. अंगावर ओरखडाही नाही. माप तसंच हातात. टोपलीपाशी बसलास आणि त्या हाताची बोटं एकेक करून मिटवायला लागलास. मी तुला हाका मारत होते. तुला त्या ऐकू आल्या नाहीत, की आल्या?

दवाखान्यात मी तुला शिव्या दिल्या. आईवरून दिल्या, म्हणजे माझ्याच आईवरून. देवाला म्हणाले, ती पोर नेलीस, हा नासका कानवाला का ठेवलास? तू दाराशी येऊन उभा राहिलास तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं होतं. झोपले नव्हते. तुला ते कळलं होतं, म्हणून तू परत आला नाहीस. हे मी आज कबूल करते.

राग संपला असं लिहिणार नाही. उन्हं कलतात तसा कलला आहे. पण राग असला तरी भाऊ लागतो. तुला तिथं बांबूनं मरायचं असेल तर मर, मी पत्र लिहायची थांबणार नाही, ती तुझ्या थडग्यावर येऊन पडतील.

विमल


देवळाली कॅम्प
२९ ऑगस्ट १९८५

कोंडाजी,

तुझं पत्र आलं. एवढा मोठा निळा एअरोग्राम आणि त्यावर तीन ओळी. टपालखात्याला किती वाईट वाटलं असेल.

"अक्का, संस्था मला परत धाडते आहे. मी नाशिकला येणार नाही, तिथं तोफ रोज वाजते. पाय कसा आहे ते खरं लिही."

मी ते पत्र भागीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, मग तोफ बंद करायला कुणाला सांगायचं?" आम्ही दोघी हसलो, मग हसलो नाही. कारण त्याच वेळी रेंजवर सुरू झालं आणि मी तिचा हात इतका आवळला की बांगडी फुटून दोघींना लागली.

खोटं कशाला बोलू, मलाही इथं राहवत नाही. रात्री बरं असतं. सकाळ झाली की मी पलंगाखाली उशी घेऊन जाते. चाळीतली पोरं दारातून बघतात. परवा एक कार्टा बाहेरून "धडाम" ओरडला आणि पळाला. मी काठी फेकली, ती त्याच्या नडगीवर बसली, हाडाला खोक पडली. त्याची आई माझ्या अंगावर धावून आली, झिंज्या धरल्या. मीही धरल्या. कधीकाळी हिच्याच पोराला मी बोर्डिंगात खिमटी भरवत होते. सोडवायला रंगनाथराव आले. त्यांनी माझा पदर सारखा केला.

तू कुठं जाणार आहेस? माणसाला कुठंतरी उतरावं लागतं. तू मला जागा सांग, नाहीतर मी तुला सांगते. थोडा दम धर. पोटात काहीतरी शिजतंय माझ्या.

पाय बरा आहे.

अक्का


पेठ, जिल्हा नाशिक
१४ ऑक्टोबर १९८५

कोंडाजी,

वरचा पत्ता वाचलास ना? नीट वाच.

आधी मी कळवणला गेले होते, भागीबाईच्या भावाकडं. गाव चांगलं, बाजार चांगला, तोफेचं नाव नाही. मी म्हटलं, जमलं. दुपारी भाकरी मोडून तोंडात घालते तोच जमिनीतून धडाका झाला. विहिरीचे सुरुंग! खडकाळ रान, जो तो विहीर खोदतोय. मी भागीबाईच्या भावाला ताटासकट आडवा केला. कालवण त्याच्या डोळ्यांत गेलं. त्याच दिवशीच्या एसटीनं परत.

मग रंगनाथरावांनी पेठचं काढलं. इथं डोंगरात मंडळीचा जुना दवाखाना बंद पडलाय. दोन खोल्या, एक ओटा, मागं मोकळं रान. म्हणाले, "विमलाबाई, किल्ली घ्या. आठवड्याला प्रार्थना धरा, दुखल्याखुपल्याला गोळी द्या, एवढंच." चाळीतली खोली मी सोडली. भागीबाई सामान बांधताना मला वाट्टेल ते बोलली. म्हणाली, "भावासाठी म्हातारपणी डोंगर चढतेस, भाऊ तुला साधं पत्र लिहीत नाही." मी म्हटलं, "लिहिलं की. तीन ओळी."

आल्यावर मी ओट्यावर बसून ऐकलं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काही केलं नाही, नुसतं ऐकलं. गुरांच्या गळ्यातली लाकडं वाजली. कुणीतरी नागली कांडली. एसटी घाटात कण्हली. बाकी काही नाही. मांडणीतलं एक ताट हललं नाही, कोंडाजी. मला इतकं रडू आलं.

इथं बहिरू म्हणून एक माणूस आहे, शेजारच्या पाड्यावरचा. बायकोला काविळीचं पथ्य सांगितलं म्हणून माझी लाकडं फोडून देतो. त्याला मी विचारलं, "इथं कधी मोठा आवाज होतो का रे?" तो विचार करून म्हणाला, "व्हतो ना आजी. आखाडात ढग लय कडाडत. झाड फाटतं मधोमध. दुसरं काय नाय."

ढग. ते काही मला बंद करता येत नाहीत. पण त्याचीही सोय करते आहे. आल्यावर बघ.

संस्थेला मी कळवलं आहे की कोंडाजीला नाशिकला नाही, पेठला धाडा. मुंबईत उतरलास की देवळालीच्या गाडीत बसूच नकोस. कसाऱ्यापर्यंत ये, पुढं भागीबाईचा भाऊ घ्यायला येईल. त्याचे डोळे आता बरे आहेत. तो तुला आडवाटेनं, नाशिकात न थांबता आणील.

येतोस का ते लिही. हो म्हणायला एकच अक्षर लागतं.

अक्का


पेठ
२० नोव्हेंबर १९८५

कोंडाजी,

"हो" पोचलं. खुर्शीदाच्या पत्राच्या मार्जिनमध्ये लिहिलंस. ठीक आहे, तेवढाच तुझा टपालखर्च वाचला.

हे पत्रही मी तिच्याच पत्त्यावर धाडते. तिला सांगितलंय, विमानात बसल्यावर देऊ नकोस, बसायच्या आधी दे. वाचून तुला परत फिरावंसं वाटलं तर विमानतळावरूनच फीर, पेठच्या स्टँडवरून नको. तेवढं मला सोसणार नाही.

मी पाय बरा आहे म्हणून लिहीत आले. उजव्याबद्दल ते खरं होतं. डावा नाही. मांडीपासून नाही. तिथल्या दवाखान्यातच काढला. गोळ्याच्या पत्र्यानं गुडघ्याच्या चिंधड्या केल्या होत्या, वर सडत गेला, डॉक्टर म्हणाले, पाय किंवा बाई. तू दाराशी येऊन उभा राहिलास तेव्हा खुर्शीदानं माझ्या सांगण्यावरून चादरीखाली उशी सरकवली होती. तिला मी आईची शपथ घातली. ती मालेगावची, शपथ पाळली तिनं. तिच्यावर चिडू नकोस.

मी भिंतीकडं तोंड केलं ते रागानं केलं, पण नुसत्या रागानं नाही. तुझी नजर चादरीवर गेली असती तर माझ्या तोंडावरून तुला कळलं असतं.

का लपवलं विचारशील. तुझ्या खांद्यावर सोफाल होती, ती बाई होती ओंजळवाली, सगळी रांग होती. त्यावर मी कशी चढू? तू असाही वाकलेला. पण तू एसटीतून उतरशील आणि फलकाखाली मी कुबडी घेऊन उभी असेन. अचानक दिसलं तर तू त्याच गाडीत परत चढशील, मी तुला ओळखते. म्हणून आता सांगते. उतरल्यावर आधी माझ्या तोंडाकडं बघ. ते अजून तसंच आहे, जरा वाळलंय. खाली नंतर बघ. तुला हवा तेवढा वेळ घे.

तू बस म्हणालास म्हणून मी बसले, हे खरं. ते आपल्या दोघांच्यात राहणार, नाहीसं व्हायचं नाही. ते राहूनही नागलीची भाकरी भाजता येते आणि ओट्यावर बसता येतं, एवढं मला इथं कळलंय.

आता घराचं. मागच्या रानात मी चर खोदून घेतला आहे. बहिरूनं खोदला. आधी विचारलं, "आजी, येवढा खोल कशाला? हळद लावायची का?" मी म्हटलं, "नाही रे, माणसं लावायची." तो घाबरला, बायकोला जाऊन सांगितलं की म्हातारी थडगं खणतीय. ती धावत आली. मग मी दोघांना ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं कुणाला. तांदूळ, रांग, सोफालची मूठ, सगळं. भागीबाईला जे सांगता आलं नाही ते या दोघांना सांगितलं. बहिरू ऐकून उठला, कुदळ घेतली आणि चर आणखी रुंद केला. म्हणाला, "दोघांना बसायचं तर असा पाह्यजे. आन् आमी चुकून आलो तर?"

उन्हाळ्यात त्यावर बांबू आणि माती टाकून छप्पर करायचंय, ते तुझं काम. तू छावणीत पाहिलंस तसं. एका बाजूला बहिरूनं माझ्यासाठी पायरी ठेवलीय, एका पायाला पुरेल अशी. मी रोज उतरून बघते. दोनदा घसरले, एकदा ओठ फुटला, पण आता जमतं.

आषाढात ढग कडाडतील. तू ओरडशील. लोक हसतील, पाड्यावरची पोरं नक्कल करतील. करू देत. इथं कुठली रांग उधळायची नाही, कुणाचा तांदूळ सांडायचा नाही, तू पोटभर ओरड. खरा असो, खोटा असो, एकेका आवाजाला ओरड.

एक मात्र आधीच सांगते. पुन्हा कधी बस म्हणालास तर मी बसणार नाही. पळ म्हण, मी पळेन. कुबडी घेऊन पळायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ चराच्या तोंडाशी थांब, आणि मला हात दे.

अक्का